चढावरचा थांबा

माझा राग नाकावर असतो. माहेरी साताऱ्यात, सासरी आणि आजवर शिकवलेल्या प्रत्येक वर्गात हे सगळ्यांना ठाऊक आहे. राग आला की मी बोलते, आणि बोलले की पुढचं सगळं स्वतःच करायला घेते. घर चालवायला हे गुण बरे असतील, पण मुलांना पुढारीपण शिकवायचं असेल तर यांच्याएवढी अडचण दुसरी नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही नववीतल्या एका मुलीमुळे.

बी.एड. झाल्यावर काही वर्षं मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकवत होते. तिथे नेतृत्व हा विषय वेळापत्रकातच होता. दर शुक्रवारी शेवटचे दोन तास मुलं समाजसेवेला जायची. म्हणजे शाळेच्या बसने खालच्या एखाद्या गावात उतरायचं, तिथल्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर फुलपाखरं रंगवायची, गावातल्या मुलांना स्ट्रॉबेरी जॅमच्या बाटल्या वाटायच्या, फोटो काढायचे आणि चहाच्या वेळेला परत यायचं. ज्यांच्या शेतातल्या स्ट्रॉबेरीचा तो जॅम, त्यांच्याच पोरांना आम्ही तो वाटत होतो, हे माझ्या ध्यानात यायलाही दोन वर्षं गेली. पण उपक्रमाची फाइल मात्र माझी जिल्ह्यात उत्तम असायची.

मग नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सांगली जिल्ह्यात, द्राक्षाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहायला आलो. मला नोकरी मिळाली ती तिथून तासाभरावर, पूर्वेच्या कोरड्या भागातल्या एका हायस्कुलात. सकाळची एसटी पकडायची, खिडकीशी बसायचं, मांडीवर वह्या घ्यायच्या आणि शाळा येईपर्यंत निम्मा गठ्ठा तपासून संपवायचा. बाहेर आधी द्राक्षबागा, मग बेदाण्याच्या शेड, मग बागा विरळ होत जाऊन नुसता माळ. पण बाहेर बघायला मला सवड नसे.

मुख्याध्यापकांनी माझी पाचगणीची फाइल पाहिली आणि विद्यार्थी नेतृत्वाचा उपक्रम माझ्या गळ्यात घातला. मीही हौसेने घेतला. आठवी-नववीतून दहा मुलं निवडली. नववीत पहिला येणारा मुलगा प्रमुख, कारण शाळेत प्रमुख पहिल्या नंबराचाच असतो. पहिला कार्यक्रम म्हणून मारुतीच्या देवळासमोरचा चौक झाडायचा ठरवलं. नवे कोरे झाडू आणले. मुलांनी झाडायला सुरुवात केली तशी समोरच्या घरातली एक म्हातारी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "आवं बाई, सकाळीच झाडलाय की मी. पोरांचा तास कशापायी बुडवला?"

त्या दिवशी झाडू कोपऱ्यात पडले ते पडलेच. मी वर्गात येऊन मुलांना म्हटलं, आता तुम्हीच शोधा. गावात, वस्तीवर, शाळेत, काय अडतंय ते तुम्ही सांगायचं, मी नाही. मुलं म्हणाली, "व्हय मॅडम." पुढच्या आठवड्यात विचारलं, काय सापडलं? मुलं म्हणाली, "व्हय मॅडम." असे तीन आठवडे गेले. या मुलांना आजवर कुणी काही विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे मी विचारतेय म्हणजे उत्तर माझ्या मनात आधीच तयार असणार आणि ते ओळखायचं आहे, अशी त्यांची समजूत होती.

चौथ्या आठवड्यात त्या दहांपैकी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. काटक, उंच, केस घट्ट बांधलेले. ती माळापलीकडच्या वस्तीवरची, मेंढपाळाच्या घरातली. त्या वस्तीवरून चार मुली शाळेत यायच्या, तिघी आठवीतल्या आणि ही एक मोठी. चौघी नेहमी उशिरा यायच्या आणि मी त्यांना नियमाने दाराबाहेर दहा मिनिटं उभं करायची.

"यष्टी थांबत न्हाई मॅडम," ती म्हणाली.

"कुठली एसटी?"

"फाट्यावर. आमी हात करतो. कवातरी एखादा डायव्हर थांबतो, न्हाईतर तशीच जाती. मग आमी चालत येतो."

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

 ती खाली बघत म्हणाली, "तुमी असता की मॅडम आत."

वर्गात कुणी हसलं नाही.  मी रोज त्याच गाडीत, खिडकीशी, मांडीवर त्यांच्याच वह्या घेऊन बसलेली असायची, आणि गाडी त्यांच्यासमोरून निघून जायची. नंतर पाऊण तासाने त्या घामाघूम होऊन वर्गाच्या दारात आल्या की मी घड्याळाकडे बोट दाखवायची. मला इतकी लाज आजवर कशाचीच वाटलेली नाही.

मधल्या सुट्टीत मी तिला बोलावून सगळं विचारून घेतलं. संध्याकाळची गाडी उताराला थांबायची, ती अडचण नव्हती. अडचण सकाळची होती. गाडी थांबली नाही की चौघींपैकी कुणाची तरी आई त्यांना शाळेपर्यंत सोडायला यायची, कारण मधल्या रस्त्याला वस्ती नव्हती, वर ट्रॅक्टर, टेम्पोंची वर्दळ. पण दिवाळी झाली की वस्तीवरची घरं मेंढरं घेऊन खाली नदीकाठाला उतरणार होती, ती पावसाळ्याच्या तोंडावरच परत यायची. मागे फक्त म्हातारी माणसं राहणार. आजीच्या गुडघ्यांना एवढं चालणं झेपणारं नव्हतं.

"आबा म्हणलाय, यष्टी थांबत आसंल तर ऱ्हा आजीपाशी. न्हाईतर चल संगट." वडिलांचं हे बोलणं तिने अगदी साधेपणाने सांगितलं. आदल्या वर्षी तिच्याच वस्तीवरच्या दोन मुली अशाच मेंढरांबरोबर गेल्या आणि परत आल्यावर शाळेत आल्या नाहीत. त्यांची लग्नं ठरली होती.

दिवाळीला दीड महिना होता. मी मनात म्हटलं, बघतेच कशी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वह्या पिशवीतच ठेवल्या. फाटा दिसायला लागल्याबरोबर उठून कंडक्टरला बजावलं, "बेल मारा. मुली उभ्या आहेत." त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्याने बेल मारली. गाडी थांबली. फाटा ऐन चढावर, वळणाच्या लगेच पुढे होता. गाडी ठासून भरलेली. चौघी दप्तरं सांभाळत पळत आल्या, चढल्या, आणि ड्रायव्हरने गाडी उचलायला घेतली तशी ती एक गचका देऊन मागे सरकली. बायका ओरडल्या. मागून द्राक्षबागेच्या औषधाची टाकी घेऊन एक ट्रॅक्टर वळणावरून आला आणि कर्कश हॉर्न वाजवत जेमतेम बाजूने निसटला. कंडक्टरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. दोन-तीन प्रयत्नांनंतर गाडी कशीबशी चढ चढली.

शाळेच्या थांब्यावर आम्ही उतरलो तसा ड्रायव्हर केबिनमधून खाली आला. पन्नाशीचा, शांत माणूस. "मॅडम, मला लेकी हायत. मला काय हौस हाय का पोरींना रस्त्यावर सोडून जायची?" तो म्हणाला. "पर तितं गाडी थांबवली तर एक दिवस सगळ्यांनाच घेऊन खाली जाईन. वर सपाटीला जागा करून द्या. गाडी रस्त्याच्या बाजूला घेता आली पायजे. मग रोज थांबतो, मी काय आन् दुसरा काय."

इतकी साधी गोष्ट. आमच्या उपक्रमाला काम मिळालं होतं. दहाही मुलं त्या शनिवारी चालत चढावर गेली, मीही गेले. सपाटी फाट्यापासून दीडशे-दोनशे पावलांवरच होती. रस्त्याच्या डाव्या अंगाला एक लांबट पड जमीन, बाभळीची झुडपं, छाटलेल्या वेलींच्या काड्यांचे ढीग, आणि त्यामागे तारेच्या कुंपणात एक देखणी द्राक्षबाग. झुडपं काढली आणि मुरूम टाकला की गाडी आरामात आत येईल. प्रमुखाने वहीत नकाशा काढला. जमीन कुणाची, तर बागवाल्या अण्णांची. अण्णा म्हणजे गावातले वयस्कर जैन बागायतदार, शब्दाला वजन असलेले, शाळेला दरवर्षी बेदाण्याची पेटी पाठवणारे.

मी म्हटलं, मग काय, झालंच काम. आणि मुलांना घेऊन थेट त्यांच्या बंगल्यावर गेले. ती मुलगी फाटकाच्या आत आली नाही. बाहेरच उभी राहिली. का, हे मी विचारलं नाही.

अण्णांनी आम्हाला बसवलं, ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे. पण आज थांबा होईल, उद्या तिथं पानाची टपरी येईल, परवा टपरीला पत्रा लागेल, आणि तेरवा मला माझ्याच बागेत जायला वाट मागावी लागेल. आमच्या पाहुण्यांच्या गावात झालंय हे. मला नाही जमायचं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यावर उत्तर काढता आलं असतं. पण माझा राग तोवर नाकावर येऊन बसला होता. "तुमच्या नातींना न्यायला इंग्लिश मीडियमची बस दारात येते, अण्णा," मी म्हटलं. "तुम्हाला काय कळणार चालत येणाऱ्या मुलींचं?"

अण्णा उठले. त्यांनी हात जोडले. "या मॅडम," म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

बाहेर आल्यावर मुलं माझ्यापासून चार पावलं अंतर ठेवून चालत होती. माझी पंधरा मिनिटांची समाजसेवा नऊ मुलांनी पाहिली होती. फाटकाशी ती उभी होती. आत काय झालं ते तिला प्रमुखाने सांगितलं. तिने ऐकलं आणि मला म्हणाली, "मॅडम, हितं आमच्या आबाचं आन् आण्णांचं भांडाण हाय."

मग रस्त्याकडेच्या दगडावर बसून तिने ते सांगितलं. पूर्वी तिच्या वडिलांची मेंढरं दरवर्षी अण्णांच्या रानात बसायची. आमच्याकडे हा रिवाजच आहे. मेंढरं रात्रीची मोकळ्या रानात बसवतात, लेंड्या-मुताने जमीन अशी कसदार होते की कुठलं विकतचं खत तिची बरोबरी करत नाही, आणि शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. चार वर्षांपूर्वी रात्रीतून काही मेंढरं तार वाकवून बागेत शिरली आणि कोवळे फुटवे खाऊन गेली. अण्णांनी मेंढरं अर्धा दिवस अडवून धरली. त्यात एक गाभण मेंढी उन्हाने मेली. तेव्हापासून वस्तीवरचा एकही मेंढपाळ अण्णांच्या रानात बसला नव्हता, आणि अण्णांची नव्या लागणीसाठी मोकळी ठेवलेली जमीन तशीच पडली होती.

"मग वडिलांनी जाऊन विचारलं तर?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी लाजिरवाणं बोलले होते. "मेंढरं बसवायची तर शेतकऱ्यानं येऊन सांगाय लागतं मॅडम. आपण हून कोण इचारतंय व्हय? आन् आण्णा काय वस्तीवर येनार न्हाईत."

मी लगेच तोंड उघडलं. मी जाते, मी बोलते, मी दोघांनाही समजावते, असं काहीतरी. आणि मग अण्णांचे जोडलेले हात डोळ्यांसमोर आले आणि मी तोंड मिटलं. त्या क्षणी ते मला किती जड गेलं ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही ठरवा. मी मध्ये पडत नाही." प्रमुखानेच तिला विचारलं, "तू सांग, काय करायचं?" त्यानंतर तो कधीच प्रमुखासारखा वागला नाही, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

पुढचे चार-पाच दिवस मुलं सुट्टीत आवळीच्या झाडाखाली बसून खलबतं करत होती. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते आणि नखं खात होते. शेवटी दहाही जण माझ्याकडे आले. आमच्या गटाचं, म्हणजे विद्यार्थी मंडळाचं, उद्घाटन अजून व्हायचं होतं. त्यांना त्याचा समारंभ हवा होता. प्रमुख पाहुणे अण्णा. आणि अध्यक्ष तिचे वडील.

मी कपाळावर हात मारून घेतला. शाळेतल्या समारंभांचा मला पहिल्यापासून तिटकारा. दीपप्रज्वलन, नारळ, पुष्पगुच्छ, अध्यक्षीय सूचना, अनुमोदन, प्रास्ताविक, आभार. दोन तास उन्हात बसलेली मुलं आणि एकमेकांना 'सन्माननीय' म्हणणारी मोठी माणसं. "त्याने काय होणार?" मी विचारलं.

"मॅडम," ती म्हणाली, "पाहुना अध्यक्षांचं नाव घेतल्याबिगर बोलाय उभाच ऱ्हात न्हाई."

 असल्या समारंभांत मी उन्हात बसून कंटाळत आले होते आणि ही ऐकत आली होती.

मुख्याध्यापक आधी राजी नव्हते. अध्यक्ष म्हणजे कुणी सभापती, कुणी संचालक, अशी शाळेची प्रथा. "तशी पद्धत नाही," ते म्हणाले. मुलांनी तयारी करूनच आणली होती. "पालक हायत की सर. शाळा पालकांचीच आसती आसं तुमीच पालकसभेत म्हणला हुता." सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सही केली.

अण्णांना निमंत्रण द्यायला ती स्वतः गेली, बाकी मुलांना घेऊन. या वेळी फाटकाच्या आत गेली. मी गेले नाही. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "अध्यक्ष कोन हाय ते पयलंच सांगितलं मी. लपवून न्हाई ठेवलं."

"मग काय म्हणाले?"

"कायबी न्हाई म्हणले. पत्रिका वाचली आन् देवाऱ्हात ठेवली."

समारंभाच्या दिवशी तिचे वडील अर्धा तास आधीच आले. पांढरं धोतर, लाल पटका, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर ते टेकले तेवढेच, पाठ न लावता, काठी मांडीवर आडवी धरून. अण्णा वेळेवर आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. प्रमुखाने माइकवर येऊन अध्यक्षीय सूचना मांडली, आठवीतल्या एका मुलीने अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या. मी मुलांच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. 

अण्णा बोलायला उठले. माइकसमोर उभे राहून त्यांनी खिशातला कागद काढला, बघितला, परत ठेवला.  मला वाटलं आता खाली बसतात.

"आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष," अण्णा म्हणाले, आणि तिच्या वडिलांकडे वळून त्यांनी हात जोडले. वडील गडबडून उभे राहिले, त्यांनीही हात जोडले आणि काठी खाली पडली. ती कुणीतरी उचलून दिली.

अण्णांनी शिक्षणावर थोडं बोलून घेतलं. मग म्हणाले, "पोरांच्या कार्यक्रमात घरचं बोलू नये. पण गाठ पडत नाही म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने बोलतो. माझं वरचं रान मोकळं आहे. चार वर्षं त्यात मेंढरू बसलेलं नाही. तेव्हा माझ्या हातून जे झालं ते होऊ नये असं झालं. मुकं जनावर होतं. अध्यक्षांनी मनावर घेतलं तर दिवाळीनंतर मेंढरं बसवावीत, अशी माझी विनंती आहे."

 मग अध्यक्षीय भाषण. तिचे वडील माइकपासून हातभर लांब उभे राहिले.

"मला बोलाया येत न्हाई," ते म्हणाले. "तार आमच्या मेंढरांनी वाकवली हुती. ती आमची चूक. मेंढरं येत्याल. पर पोरींची यष्टी थांबली पायजे." आणि खाली बसले.

मुलांनी टाळ्यांनी पटांगण डोक्यावर घेतलं. मी पदराने डोळे पुसत होते आणि शेजारचे सर मला विचारत होते, काय झालं, धूळ गेली का.

अण्णांनी थांब्याला जागा दिली, पण टपरीची भीती सोडली नव्हती, आणि त्यावरचा उपाय त्यांनी मुलांनाच शोधायला सांगितला. मुलांनी जागेच्या कडेने दगड रोवले, चुना लावला, आणि दगडांच्या आत कुणी काही मांडलं तर दुसऱ्या दिवशी दहा जण अण्णांकडे येऊन सांगतील असं कागदावर लिहून सह्या केल्या. ग्रामपंचायतीने ठराव दिला. अण्णांच्या ट्रॅक्टरने मुरूम आला. मुलं घमेली घेऊन दोन रविवार राबली. बाभळीचे काटे हातात मोडले, एकाच्या पायावर खोरं पडलं, आठवीतल्या दोघी भांडून अबोला धरून बसल्या. ते भांडण तिने मिटवलं. कुणी कुठल्या दिवशी यायचं ते तिने ठरवलं. मी एकदा मुरूम कुठे पसरायचा ते सांगायला गेले तर म्हणाली, "मॅडम, तुमी सावलीला बसा." मी बसले.

दिवाळीच्या सुट्टीआधी चार दिवस ड्रायव्हरने रिकामी गाडी आत घेऊन बघितली. खाली उतरून चाकांखालचा मुरूम पायाने दाबला. "जमतंय," म्हणाला.

पण तिचं काय ठरलं, हे मला कळलं नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "आबा म्हणलाय, बघू." सुट्टी संपून शाळा सुरू झाली, गाडी नव्या जागी थांबायला लागली, चौघी वेळेवर यायला लागल्या. त्या आठ दिवसांत तिच्या वडिलांची मेंढरं अण्णांच्या रानात होती. म्हणजे घर अजून उतरलं नव्हतं. खरी परीक्षा घर हलेल त्या दिवशी होती, आणि मी रोज सकाळी खिडकीशी बसून धसका घेऊनच चढ चढत होते.

नवव्या दिवशी सकाळी गाडी सपाटीला आली तर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. तळ उठला होता. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं, भांडी, वाकळा, वर बांधलेल्या दोन कोंबड्या. ड्रायव्हरने गाडी आत घेतली. चुना लावलेल्या दगडांपाशी आठवीतल्या तिघी उभ्या होत्या. तिघीच. ती रस्त्याच्या पलीकडे होती, हातात काठी, मेंढरांना वळवत, आईच्या शेजारी.

तिघी चढल्या.  उठावं, खाली उतरावं, तिच्या वडिलांशी बोलावं, सगळं मनात येऊन गेलं. मी खिडकीचा गज घट्ट धरून बसून राहिले. हे तिचं होतं.

शेवटचं मेंढरू रस्त्याच्या कडेला लागलं. तिने काठी आईच्या हातात दिली. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, दप्तराचा पट्टा नीट केला आणि लगेच पाठ फिरवून मेंढरांमागे चालायला लागली. ती रस्ता ओलांडून आली, गाडीत चढली आणि माझ्या शेजारच्या जागेवर बसली. कंडक्टरने बेल मारली.

मी इतके दिवस तिने शाळेत राहावं म्हणून झगडत होते. पण त्यासाठी चौदा वर्षांची ही पोर आपल्या आईला पावसाळ्यापर्यंत बघणार नव्हती, हे मला तोवर असं समोर दिसलं नव्हतं. तिच्या कपड्यांना मेंढरांचा वास येत होता. ती खिडकीबाहेर बघत नव्हती. ओठ दाबून समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होती.  मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

शाळा जवळ आली तसा तिने हात सोडवून घेतला, दप्तरातून वही काढली आणि एक पान उघडलं. त्यावर दोन नावं लिहिली होती.

"ह्या गेल्या साली गेलेल्या पोरी," ती म्हणाली. "एकीचं लगीन अजून झालेलं न्हाई. तिच्या मामाच्या गावात हाय ती. आमी तितं जानार हाय, आयतवारी."

"मी येते," मी म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी."

तिने वही मिटली आणि डोळे पुसले.

"नगं मॅडम," ती म्हणाली. "तुमाला राग येतो. आमी जातो."